यंत्रमागाच्या खोलीत आठ फुटी फिशटँक

भीमेतले मासे सोलापुरात आपण बघतो ते बर्फावर. उजनी धरणाचं पाणी आपण पितो, उजनीचा मासा आपल्या बाजारात येतो, पण सापासारखी लांब वाम वाळूत कशी शिरते, शिंगटा मिशांनी तळ कसा चाचपतो, हे या शहरात वाढलेल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. मला ते घरात बसून बघायचं होतं. आणि या माशांना शोभेच्या माशांच्या दोन-अडीच फुटी टाकीत डांबायचं नव्हतं. म्हणून माप ठरलं: आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच.

एवढी टाकी सगळीच्या सगळी काचेची केली तर नुसत्या काचेचं वजन तीनशे किलोंच्या वर जातं आणि खर्च माझ्या आवाक्यात राहत नाही. दुसरी पद्धत जगभरचे हौशी लोक बरीच वर्षं वापरत आलेत. प्लायवूडचा भक्कम खोका करायचा, आतून इपॉक्सी (दोन भाग कालवले की कडक होणारं रसायन) आणि काचेच्या कापडाचा लेप द्यायचा आणि फक्त समोरच्या बाजूला खिडकी कापून तिथे काच बसवायची. लाकूड ताकद देतं, लेप पाणी अडवतो. दोघांची कामं वेगळी आहेत हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

जागेचा प्रश्न आमच्याकडे आपोआप सुटला. घराच्या मागे वडिलांच्या यंत्रमागांची खोली आहे. माग विकून झाले, खोली रिकामी पडली होती. तळमजला, खाली मुरूम ठोकून वर जाड काँक्रीट, कारण मागाचा हादरा सोसायचा म्हणून जमीन तशीच केलेली. टाकीतलं पाणी साधारण १४०० लिटर, म्हणजे १४०० किलो. त्यात प्लाय, काच, वाळू, दगड धरले की १८०० किलोच्या आसपास. आठ बाय तीनच्या जागेवर हे वजन चौरस मीटरला ८०० किलो पडतं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरून काढलेला असतो. त्यामुळे जे कोणी वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवायचा विचार करत असतील त्यांनी आधी इंजिनिअरला विचारावं. आम्ही ब्लॉकचे तीन आडवे ओटे बांधले, वर लोखंडी अँगलची फ्रेम ठेवली आणि लेव्हलच्या नळीने चारही कोपरे एका पातळीत आणले. पाणी स्वतः सपाटच राहतं. ओटा तिरपा असेल तर एका टोकाला पाणी जास्त उंच आणि दाब जास्त.

दाबाबद्दल एक गोष्ट खोका करणाऱ्या सुतार मिस्त्रींना समजावून सांगावी लागली. टाकी आठ फूट लांब असो की चार, तळाशी दाब तोच राहतो. तो फक्त पाण्याच्या उंचीवर ठरतो. पण लांबी वाढली की तो दाब झेलणारं अंग वाढतं. आत ६८ सेंटीमीटर पाणी असेल तर आठ फुटी भिंतीवर मिळून साडेपाचशे किलोंचा रेटा येतो आणि त्याचा मुख्य भार तळापासून एक तृतीयांश उंचीवर पडतो. समोर साडेपाचशे, मागे साडेपाचशे, रात्रंदिवस. मिस्त्रींनी आयुष्यभर कपाटं, देव्हारे, दारं केलेली. त्यांनी आकडा ऐकला, पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाले, "काय करलालाव ओ सर? प्लायात पाणी? लोक प्लायला पाण्यापासून वाचवलालेत." मी त्यांना कागदावर खोका काढून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग स्वतःहून म्हणाले की खिडकीची चौकट चार पट्ट्या जोडून करायची नाही, अख्ख्या शीटमध्येच खिडकी कापायची, म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यात सांधाच येणार नाही. हे मी ठरवून ठेवलेलंच होतं, पण त्यांनी न सांगता ओळखलं याचा मला फार आनंद झाला. त्यानंतर काम त्यांचंही झालं.

प्लाय घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. आपल्याला लागतो तो मरीन प्लाय, आयएस ७१० चा. या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत अशी अट आहे. पहिल्या दुकानात शीटवर ७१० चा शिक्का होता, भाव मात्र संशय यावा इतका कमी. मी एक छोटा तुकडा मागून आणला आणि जुन्या पातेल्यात उकळायला ठेवला. संध्याकाळपर्यंत कडेचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले आणि पातेल्यातलं पाणी चहासारखं लाल झालं. ते दुकान सोडलं. दुसरीकडचा तुकडा तसाच उकळला. तो फुगला नाही, नखाने थर उचलून पाहिला तरी हलला नाही. १९ मिलिमीटरची आठ बाय चारची शीट ४० किलोच्या घरात भरते. हातात घेतल्यावर हलकी वाटली तर आत पोकळ जागा असण्याची शक्यता मोठी. कापल्यावर कडेला बघायचं, मधल्या थरांत फटी दिसल्या तर तो भाग टाकीच्या तळाला वापरायचा नाही.

खोका जोडायला दोन दिवस पुरले. सगळे सांधे इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून चिकटवले आणि स्टीलचे स्क्रू सहा-सहा इंचांवर, आधी ड्रिलने भोक पाडून. वरच्या काठाला आतल्या बाजूने चार इंची पट्टी सगळीकडून फिरवली आणि मधोमध एक आडवी पट्टी टाकली. टाकी फुगते ती वरच्या काठाला, लांबीच्या मध्यावर. ही आडवी पट्टी दोन्ही लांब भिंतींना धरून ठेवते. दिसायला ती खटकते, झाकण उघडताना हाताला लागते, पण ती काढायचा विचारही करू नये.

आता कोपरे. खरं काम तिथेच आहे, आणि या लेखात मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं आहे.

सपाट भिंतीतून पाणी सहसा जात नाही. तिथे लेप एकसारखा बसतो. दोन फळ्या जिथे काटकोनात भेटतात तिथे काचेचं कापड वळायला तयार नसतं. त्यातला प्रत्येक धागा काचेचा असतो, तो एवढ्या कडक घडीत बसत नाही, उचलतो, आणि उचललेल्या जागी मागे हवेची पोकळी राहते. बाहेरून सगळं गुळगुळीत दिसतं. पाणी भरल्यावर दाबाने तोच पापुद्रा फुटतो आणि पाणी प्लायच्या कडेला भिडतं. प्लायची कड म्हणजे उघड्या नळ्यांचा गठ्ठा, ती पाणी ओढून घेते आणि आतून कुजत जाते. ओल बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

यावर उपाय आपल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गच्चीवर कठडा आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे ते वाटा मारतात, कोपरा गोल करून टाकतात. मी आत तेच केलं. इपॉक्सीत भुसा आणि सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतका घट्ट लगदा केला, आतल्या प्रत्येक सांध्यात भरला आणि वर गोल बुडाच्या चमच्याने एकाच ओढीत फिरवून घेतला. चमचा मध्येच उचलला की तिथे धार राहते. सर्वांत कठीण जागा म्हणजे जिथे तीन फळ्या एकत्र येतात ते खालचे चार कोपरे. तिथे चमचा जात नाही. हातमोजा घालून अंगठ्याने दाबत, फिरवत आतली जागा वाटीसारखी करावी लागते. कापडाचेही तिथे त्रिकोणी तुकडे कापून, एकावर एक चढवत बसवावे लागतात. एका कोपऱ्याला मी तासभर सहज दिला असेल. पाठ धरली, पण घाई केली नाही.

कापड कोणतं घ्यावं यातही गोंधळ होतो. फायबरची कामं करणाऱ्यांकडे बहुतेक वेळा चॉप मॅट मिळते. ती पॉलिस्टर रेझिनसाठी असते. मॅटमधले सुटे धागे ज्या पदार्थाने एकत्र धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो आणि मॅट मऊ होऊन बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते. इपॉक्सीसाठी विणलेलं कापड घ्यावं. विणीचं गाव आपलं, ताणा-बाणा बघायची सवय घरातच. कापड तिरपं कापलं की कोपऱ्यात किती छान बसतं हे आईने एका नजरेत ओळखलं. तिने आयुष्यभर चादरींची शिलाई केली आहे. पुढचे सगळे तुकडे तिनेच कापून दिले.

इपॉक्सीसाठी हिवाळा निवडला तो सोलापूरच्या उन्हामुळे. रेझिन आणि हार्डनर एकत्र केले की आतून उष्णता तयार होते. डब्यात जास्त माल असेल तर ती बाहेर पडत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या पुढच्या हवेत डबा हातात घेईपर्यंत वाफाळून दगड होतो. थोडाथोडा माल कालवायचा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचा. प्रमाण वजनकाट्यावर, डब्यावर लिहिलंय तेवढंच. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर वाळेल अशी समजूत आहे, प्रत्यक्षात लेप मऊ राहतो. आणि लेप पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना चालतो तसाच घ्यायचा. स्वस्तातला फ्लोअरिंगचा इपॉक्सी माशांसाठी नको.

वेळही महत्त्वाची. मी रोज दुपारी चारनंतर काम सुरू करायचो. सकाळी ऊन चढत जातं तशी लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या लेपातून बुडबुडे काढत बाहेर येते, प्रत्येक बुडबुड्याच्या जागी टाचणीएवढं भोक राहतं. दुपारनंतर तापमान उतरायला लागलं की उलटं होतं, लाकूड लेप आत ओढून घेतं. रात्री हवा फार थंड झाली तर लेप वाळायला वेळ लागतो, म्हणून खोलीची दारं बंद करून आत दोन मोठे दिवे चालू ठेवले. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत अर्धा गाव होम मैदानावर असायचा आणि मी टाकीत बसून रोलर फिरवत असायचो. दार मात्र काम चालू असताना उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने, तोंडाला कार्बनचा मास्क. यात कसूर नको.

एक थर चिकट असतानाच दुसरा दिला तर दोन्ही एकजीव होतात. पूर्ण वाळून गेला असेल तर वर कधीकधी तेलकट साय येते, ती कोमट पाण्याने आणि घासणीने धुऊन, पॉलिश पेपर मारून मगच पुढचा हात. थरांचे रंग मी आलटून पालटून ठेवले, एक राखाडी, एक काळा. काळ्याखाली राखाडी दिसला की तिथे लेप पातळ आहे हे लगेच कळतं. पाइपसाठी मागच्या भिंतीत पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडाही तशाच लेपून घेतल्या. भोकात पाइप धरणारं टँक निपल घट्ट बसलं म्हणून आतलं लाकूड कोरडं राहील असं गृहीत धरायचं नाही.

काच साधी घेतली, १९ मिलिमीटरची, टफन केलेली नाही. यावर काचवाल्याशी बराच वाद झाला. टफन काच जास्त मजबूत असते हे खरं आहे, पण ती फुटते तेव्हा एका क्षणात सगळीच्या सगळी कणाकणाने कोसळते. साधी काच तडकते, तडा दिसतो, पाणी काढायला वेळ मिळतो. घरात लहान मुलं आहेत, १४०० लिटर पाणी एकदम अंगावर यायला नको. साध्या काचेची जाडी थोडी वाढवून मी निश्चिंत झालो. सत्तरेक किलोंची ती काच चौघांनी धरून आत उतरवली. काच आतून लावायची, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. चौकटीला कड अडीच इंचांची, आधी पॉलिश पेपरने खरबरीत करून ॲसिटोनने पुसलेली. मध्ये तीन मिलिमीटरचे रबराचे तुकडे ठेवले, नाहीतर काचेच्या वजनाने ती चिकटवणारं सगळं सिलिकॉन बाहेर येतं आणि मध्ये उरतो नुसता पापुद्रा. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलं, ॲक्वेरियमचं.

आणि इथे आपल्या हवेने वेगळाच प्रश्न आणला. इपॉक्सीला कोरडी हवा मानवते. सिलिकॉन मात्र हवेतल्या ओलाव्यावरच पिकतं. जानेवारी-फेब्रुवारीत सोलापूरची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. वरून सिलिकॉन घट्ट लागत होतं, पण अडीच इंच रुंद थराच्या आत ते किती पिकलंय कळायला मार्ग नव्हता. मग टाकीच्या समोर दोरी बांधून ओले टर्किश टॉवेल लटकवले, घरात त्यांची काय कमी, आणि सकाळ-संध्याकाळ ते पुन्हा भिजवत राहिलो. सिलिकॉन पिकताना व्हिनेगरसारखा वास सोडतं. नाक काचेच्या कडेशी नेऊन रोज वास घ्यायचा. तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन आठवड्यांच्या पुढे, आम्ही टाकीला पाणी दाखवलं नाही.

पाणी भरायचं म्हणजे आपल्या शहरात वेळापत्रक बघूनच. नळाला पाणी काही दिवसांआड. घरच्यांच्या वाट्याचं पाणी माशांना घालायचं नाही हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. म्हणून पहिली चाचणी बोअरच्या पाण्याने केली. एक फूट भरलं, रात्रभर ठेवलं. खोक्याखाली वर्तमानपत्र पसरलेलं, म्हणजे थेंब पडला तरी डाग दिसेल. मग दीड फूट, मग काठापर्यंत. वरच्या काठाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधली होती. भिंत मध्यावर किती फुगली ते सुतळीपासून मोजायचं. पूर्ण भरल्यावर मागची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर हलली आणि तिथेच थांबली. मिस्त्री मुद्दाम बघायला आले, बोटाने काठ ठोकला, खाली वाकून कागद बघितला. कागद कोरडा होता. ते म्हणाले, "बसलंय की ओ!" आठवडाभर तसंच ठेवून ते पाणी परसातल्या कडुनिंबाला आणि शेवग्याला सोडलं.

आता टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी मिसळून असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला हायपो (सोडियम थायोसल्फेट). बोअरचं पाणी जड, काचेवर पांढरी रेघ धरतं, ती लिंबाच्या फोडीने पुसतो. पावसाळ्याआधी गच्चीची पन्हळ एका टाकीला जोडली, आता पावसाचं पाणीही मिसळता येतं. वाळू चाळून, धुऊन घेतली, त्यातले चुनखडे वेचून काढले. व्हिनेगरचा थेंब टाकला की चुनखडा फसफसतो, तो ठेवला तर पाणी आणखी जड होत जातं. वामसाठी वाळू बारीक आणि बोथटच हवी, ती अंगाने आत घुसते, टोकदार खडीने सोलपटून निघेल. फिल्टर खाली वेगळ्या टबमध्ये, तासाला टाकीच्या चारपट पाणी फिरवणारा पंप. मासे सोडायच्या आधी महिनाभर फिल्टर नुसता चालू ठेवला, कारण माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंज आणून घातल्याने ते थोडं लवकर झालं.

मासे ओळखीच्या मासेमाऱ्याकडून जिवंत आणले, लहान आकाराचे. वाम, शिंगटे, आणि शिंगट्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे चकचकीत बार्ब. कटला, रोहू मागूनही घेतले नाहीत, ते मीटरभर वाढतात, आठ फुटी टाकीही त्यांना तुरुंगच. चिलापी (तिलापिया) तर उजनीत इतकी माजली आहे की तिला इथे जागा द्यावी असं मला वाटलं नाही. झाकण चारही बाजूंनी बंद, पाइपाभोवतीची फटसुद्धा जाळीने बुजवलेली, कारण वाम बोटभर फटीतून बाहेर येते.

उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणून एप्रिल-मेमध्ये जाळीच्या झाकणावरून पंखा सोडला. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि त्यासोबत उष्णता जाते, काही अंश तरी खाली येतात. रोज बादलीभर पाणी कमी होतं, ते पावसाच्या नाहीतर साध्या आरओच्या पाण्याने भरायचं, बोअरच्या नाही, कारण वाफ होऊन पाणी जातं, क्षार आतच राहतात. हवेचा पंप इन्व्हर्टरवर जोडलेला आहे, दिवे गेले तरी तो चालू राहतो. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलतो, ते सगळं कढीपत्त्याला आणि शेवग्याला जातं. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन ओट्याखाली शिरतो आणि खालचे चारही कोपरे बाहेरून हाताने चाचपून बघतो.

शेजारची पोरं आता संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला येतात, कारण वाम तेव्हाच वाळूतून डोकं काढते. त्यातल्या एकाने परवा विचारलं, "काका, हा खरंच आपल्या नदीत असतो का?" त्याला पुढच्या रविवारी भीमेच्या काठी घेऊन जाणार आहे.